पाचवं पान

सुलतान बाजार, हैदराबाद
४ ऑगस्ट २०२५

सुप्रिया,

मायन्यावर अर्धा तास गेला. 'चि. सौ.' लिहावं, तर तू आणि ओमकार वेगळे राहायला लागून आठ महिने झाले. नुसतं 'चि.' लिहावं, तर तुला वाटेल सासऱ्याने परस्पर निकाल देऊन टाकला. म्हणून फक्त नाव. कोर्टात चौतीस वर्षं भाषांतरकार होतो, दुसऱ्याचं बोलणं या भाषेतून त्या भाषेत नेताना कधी अडलो नाही. स्वतःचं एक पत्र लिहायला बसलो तर हे असं.

कामाचं सांगतो. सोबत विद्यापीठाचं पत्र आहे. मेलला तू उत्तर देत नाहीस म्हणून त्यांनी कागदावर पाठवलं, आणि त्यांच्याकडे पत्ता अजून आपल्याच घराचा आहे. पाकीट माझ्या हातून चुकून फाटलं. गेल्या वर्षीच्या पानांच्या नोंदी आणि आपल्या द्राक्षबागेत प्रत्यक्ष निघालेली कीड यांचा मेळ बसत नाही, त्याचा लेखी खुलासा ३० सप्टेंबरपर्यंत आला नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल, असं त्यात आहे. नोंदी बनावट असल्याची शंकाही एका ओळीत घातली आहे. ती ओळ मी तीनदा वाचली.

फोन करून पाहिला. तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, ते ठीकच आहे. पण उत्तर त्यांना पाठव. पाच वर्षांचं काम आहे. खोडात अळी शिरली की माणसाच्या डोळ्याला काही दिसायच्या कितीतरी आधी पानातलं हरितद्रव्य उतरायला लागतं, पिवळं द्रव्य वर येतं, आणि ते मोजता येतं, हे तूच मला या ओसरीत बसून शिकवलंस. उमाजीला मी ते अजून म्हणून दाखवतो. तो बागेचा राखणदार, तीस वर्षं वेलींत गेली त्याची. तो म्हणतो, सुनबाई बरोबर सांगत होती, पण मशीन झूट बोललं.

मशीन कुठे चुकलं ते मला ठाऊक नाही. तुझा पाय प्लास्टरमध्ये होता त्या दोन महिन्यांत पानं मी तोडली. तू डायरीत लिहून दिलं होतंस तशीच तोडली. शीतपेटीत ओल्या फडक्यात ठेवून, अफझलगंजपर्यंतच्या बसमध्ये मांडीवर धरून आणली. एकही पान कोमेजू दिलं नाही.

आज दुसरा श्रावणी सोमवार. बागेत जाऊन बेल आणला. विहिरीजवळचा बेल छान फुटला आहे. उत्तर पाठव.

रामचंद्र


१३ ऑगस्ट २०२५

सुप्रिया,

नऊ दिवस झाले. पत्र पोचल्याची पोच पोस्टाच्या साइटवर दिसते, म्हणजे पोचलं. तू वाचलंस की नाही ते साइट सांगत नाही.

पाकीट चुकून फाटलं नव्हतं. मी फोडलं. विद्यापीठाचा शिक्का पाहिला आणि राहवलं नाही.

तुझं कपाट आवरायला घेतलं. (ओमकार बंगळूरहून आला होता, त्याने तुझी पुस्तकं खोक्यात भरा म्हणून सांगितलं. मी भरली नाहीत.) खालच्या कप्प्यात तो तुझा पानाचा चिमटा सापडला. पान चिमटीत धरलं की हरितद्रव्याचा आकडा दाखवणारा. सेल बदलले तर चालू झाला. मी ओसरीतल्या तुळशीच्या पानाला लावून पाहिला, आकडा आला, आणि मला उगाच रडू आलं. म्हातारपणी माणूस कशावरही रडतो, त्याचं मनावर घेऊ नकोस.

मग मी एक ठरवलं. गेल्या वर्षी खोडकिडीने एकशे दहातल्या एकतीस वेली गेल्या, एकोणऐंशी उरल्या आहेत. दर आठवड्याला प्रत्येक वेलीचं, शेंड्याकडून मोजून पाचवं पान, चिमटीत धरायचं आणि आकडा लिहायचा. तुझ्या डायरीत 'ते पान कसंही असो' याखाली दोन रेघा आहेत. पान कसंही असो. उमाजी छत्री धरतो, मी भिंगातून आकडा वाचतो. दोन दिवस लागतात. तो कुरकुरतो, "साब, हे काय रोजा धरल्यासारखं चाललंय?" पण छत्री हलू देत नाही.

पहिल्या फेरीत बहुतेक सगळ्या वेली चाळीसच्या आसपास. एक सोडून. ती छत्तीस. सगळ्यांना पाणी एकच, खत एकच, मग एकीचा आकडा खाली का, हे तू असतीस तर विचारलं असतं. पान पाहिलं तर शेजारच्या पानाइतकंच हिरवं.

कोणती वेल ते आज लिहीत नाही.

उत्तर पाठव. मला नको पाठवूस, विद्यापीठाला पाठव. एवढी एकच गोष्ट मागतो आहे.

रामचंद्र


२४ ऑगस्ट २०२५

सुप्रिया,

काल श्रावण संपला. मी सांगायचं टाळत होतो ते आज लिहितो.

बेल तोडताना आपण काय पाहतो? तिन्ही पानं पूर्ण आहेत ना, भोक नाही ना, अळीने पांढऱ्या रेघा ओढलेल्या नाहीत ना. माझ्या आजोबांनी मी सात वर्षांचा असताना शिकवलं. किडकं पान देवाला वाहायचं नाही. साठ वर्षं रोज सकाळी हा हात झाडात जातो आणि डोळ्यांना न विचारता चांगलंच पान घेऊन बाहेर येतो.

गेल्या श्रावणात मी बागेत जायचो तेव्हा आधी विहिरीजवळचा बेल तोडायचो, आणि त्याच फेरीत, त्याच हाताने, तुझी पानं. तू सांगितलं होतंस, दर पाचवी वेल, पाचवं पान. मी वेलीपाशी जायचो, मोजायचो, पाचवं पान पिवळट किंवा भोकाचं असलं की हात पुढे सरकायचा. सहावं, सातवं. त्याच वेलीवर सगळी पानं तशीच असली तर शेजारच्या वेलीचं. घरी परडीत बेल आणि शीतपेटीत तुझी पानं, दोन्ही सारखीच देखणी. तू प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून एकेक पान चिमटीत धरायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, बाग एकदम ठणठणीत आहे." मला बरं वाटायचं.

ही हाताची सवय. जन्माची सवय अशी एका डायरीने सुटते का? तू शास्त्र शिकलीस, तुला कळेल की यात खोट काही नव्हती. विद्यापीठाला एवढंच कळव की पानं तोडणाऱ्याने नकळत निवड केली. तुझं यंत्र चुकलं नाही, तुझी पद्धत चुकली नाही. तू बनावट काही केलं नाहीस. माझं नाव घाल, पत्ता घाल, मी सही करून देतो.

त्या वेलीचा आकडा आता चौतीस झाला आहे. बाकीच्या चाळीस-एक्केचाळीस.

रामचंद्र


६ सप्टेंबर २०२५

सुप्रिया,

चोवीस तारखेचं पत्र परत आलं. वर पोस्टमनने निळ्या शाईत लिहिलं आहे, 'घेण्यास नकार'. खाली त्याची सही.

आज शहरात विसर्जन आहे, ढोल इतके वाजताहेत की खिडक्या थरथरतात. मी ते परत आलेलं पाकीट घेऊन दुपारभर बसलो. मग उघडून स्वतःच वाचलं. कोर्टात मी हजारो साक्षी ऐकल्या. खोटं बोलणारा साक्षीदार कुठे ओळखू येतो सांगू? तो गोष्टीला गोष्ट जोडत जातो. आजोबा आणतो, लहानपण आणतो, देव आणतो. माझं पत्र वाचून मला वाटलं, हा साक्षीदार तर माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे.

बरं झालं तू घेतलं नाहीस. मी सगळं सवयीवर ढकललं होतं. सवय होतीच, ते खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं.

पाकीट तू परत करशील. म्हणून यापुढे पोस्टकार्डं. सुलतान बाजारच्या पोस्टात होती तेवढी सगळी घेतली. कार्ड कोणी परत करत नाही, कारण नको म्हणेपर्यंत अर्धं वाचून झालेलं असतं. वाटेतले सगळे वाचतील, तुझ्या आईच्या दारातला पोस्टमनही वाचेल. वाचू दे.

(हे लिहिलं आणि ध्यानात आलं की हेही पाकिटातच घालायला निघालो होतो. हे नाही पाठवत. कार्ड लिहितो.)


६ सप्टेंबर २०२५
कार्ड १

सुप्रिया हिस. हे कार्ड ज्याच्या हाती पडेल त्याने वाचलं तरी चालेल.

मी, रामचंद्र, राहणार सुलतान बाजार, गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुप्रियाच्या संशोधनासाठी द्राक्षाची पानं तोडली. दर फेरीला बावीस. त्यातली जवळजवळ निम्मी मी बदलली. पिवळं पान मला दिसत होतं. दोन वेलींखाली अळीने खोडातून टाकलेला भुसाही दिसला होता, तो मी चपलेने मातीत दडपला. आपली बाग पुस्तकात रोगट म्हणून छापली जाऊ नये, असं मला वाटलं. ती बाग माझ्या बायकोने, वासंतीने, लावली आहे.

कार्ड २

डिसेंबरात तुझ्या गाईड त्रिवेणी मॅडम बाग पाहून घरी आल्या तेव्हा ओसरीवर सगळे होते. शेजारच्या बागेचा किशोरही होता. तुझे आकडे ऐकून त्यानेही खोडं तपासली नव्हती आणि त्याची अख्खी बाग उपटावी लागली. तो तुला म्हणाला, "तुमच्या मशीनच्या भरोशावर बसलो मी. तबाह झालो की." मॅडमनी विचारलं, पानं कोणी तोडली? तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "हिने सांगितली तशीच तोडली."

ओमकार खाली बघत होता. त्याला वाटलं तू चुकलीस. सगळ्यांना वाटलं.

मला काय वाटत होतं ते मलाच माहीत होतं. रामचंद्र.


१८ सप्टेंबर २०२५
कार्ड ३

सुप्रिया, कार्डं मिळाली असतील. परत आलेली नाहीत.

मी विद्यापीठात गेलो होतो. त्रिवेणी मॅडम दीड तास भेटल्या नाहीत, मग भेटल्या. कार्डावर लिहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, मागच्या वेळी तुम्ही एक सांगितलं, या वेळी दुसरं सांगता. सुनेला वाचवायला सासरा काहीही सांगेल असं समिती म्हणेल. त्यांचं बरोबर आहे. मी न्यायाधीश असतो तर हेच म्हणालो असतो.

कार्ड ४

मी त्यांना या वर्षीचे आकडे दाखवले. सहा आठवड्यांचे, एकोणऐंशी वेलींचे. एका वेलीचा आकडा छत्तीसवरून एकतीसवर आला आहे, बाकी जागच्या जागी. मॅडम वहीवर वाकल्या. म्हणाल्या, बाहेरून भुसा दिसतो का? म्हटलं, नाही. खोड पोकळ वाजतं का? नाही. वेल सुकली आहे का? नाही, घरच्या नवरीसारखी हिरवी आहे.

मग त्या म्हणाल्या, "ही वेल माझ्यासमोर कापा. आत अळी निघाली तर सुप्रियाची पद्धत खरी, आणि तुमचं आजचं बोलणंही खरं. काही निघालं नाही तर मी काही करू शकणार नाही."

शिवाय खुलासा तुझ्याच हातचा लागेल, तीस तारखेच्या आत. तो मी किंवा त्यांनी लिहून चालणार नाही.

कार्ड ५

कोणती वेल ते मी तुला ऑगस्टपासून सांगत नाही आहे. विहिरीजवळची, पहिली. वासंतीने स्वतःच्या हाताने लावलेली. तुला माहीत आहे, तिच्या वर्षश्राद्धाला आपण त्याच मांडवाखाली जेवतो. तू पहिल्यांदा या घरी आलीस तेव्हा तिने तिथलाच घड तुझ्या हातात दिला होता, अनाबेशाही द्राक्षांचा, आणि म्हणाली होती, सालीसकट खा.

उमाजी म्हणतो, "पान हरं हाय ना साब, मग कायकू कापायचं? अळी नसली तर?" मला रात्रंदिवस तेच वाटतं आहे. अळी नसली तर वेलही गेली आणि तूही गेलीस. आणि अळी असली तर वासंतीची वेल आतून खाल्ली जात असताना मी रोज तिच्या सावलीत बसत होतो.

चिमटा घेऊन रोज त्या वेलीपाशी जातो. चुकून चाळीस येईल म्हणून वाट पाहतो. येत नाही. मी कापणार आहे. पंचवीस तारखेला. तू येशील का? येत नाही म्हणालीस तरी समजेन. पण खुलासा पाठव, मी पाया पडतो तुझ्या. रामचंद्र.


२६ सप्टेंबर २०२५

सुप्रिया,

कार्डाला पाच दिवस लागतात, तेवढे आता उरले नाहीत. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवतो. तू पाकीट घेणार नाहीस म्हणून बाहेरच मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, 'अळी सापडली'. पोस्टातल्या बाईंनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि शिक्का मारला.

काल सकाळी मॅडम आल्या, बरोबर त्यांच्या विभागातला एक जण फोटो काढायला. किशोरला मी बोलावलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं, आला. मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. मी त्याच्या तोंडावर सगळं सांगितलं, चपलेने दडपलेल्या भुशासकट. तो म्हणाला, "अब बोलके क्या फायदा, काका." एवढंच. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

मॅडमनी स्वतः पाचवं पान मोजलं, चिमटा लावला. तीस. शेजारच्या वेलीचं एक्केचाळीस. दोन्ही पानं त्यांनी हातात शेजारी शेजारी धरली, सगळ्यांना दाखवली. रंगात कुणालाही फरक सांगता आला नाही. तुझ्या प्रबंधाचं पहिलं पानच ते, मला वाटतं.

करवत उमाजीने माझ्या हातात दिली. मी नाही कापणार म्हणाला. मी गुडघ्याच्या उंचीवर लावली. वेल जुनी, खोड मांडीएवढं, माझ्या दंडात आता जोर नाही. अर्धं मी कापलं, मग किशोर पुढे आला, करवत घेतली आणि पुरं केलं. मांडवावरचा सगळा भार हलला, पानं हलली, वर हिरवीच होती.

कापलेला भाग पाहिला. स्वच्छ. पांढरंशुभ्र लाकूड, एक ठिपका नाही. मॅडम वाकून पाहत राहिल्या. वरच्या बाजूला आणखी एक काप घेतला. स्वच्छ. आणखी वर. स्वच्छ. फोटो काढणाऱ्याने फोन खिशात ठेवला. किशोर तोंड फिरवून विहिरीकडे गेला. मी खाली मातीत बसलो. मनात एकच येत होतं की मी वासंतीची वेल मारली, चांगली वेल, आणि आता तुला कुठल्या तोंडाने लिहू. रडलो, सगळ्यांसमोर. लाज वाटली नाही.

मग उमाजी बसला माझ्या शेजारी. खोडाच्या बुंध्याची माती हाताने बाजूला करायला लागला. वीतभर खाली गेला. विहिरीचं पाणी तिथे मुरतं, माती भुसभुशीत असते, त्यामुळे भुसा बाहेर न दिसता आतच मिसळला होता. त्याने बोट घातलं आणि ते आत गेलं. "मॅडम," तो म्हणाला, "इधर आओ."

खुरप्याने साल काढली. आत बोगदा, भुशाने ठासून भरलेला, मुळाकडे चाललेला. मॅडमनी बारीक चिमट्याने अळी ओढून काढली. पिवळसर पांढरी, करंगळीच्या अर्धी, तोंड तपकिरी. तळहातावर वळवळत होती. एवढीशी. मी इतकी वर्षं त्या बुंध्याशी बसत होतो.

मॅडम म्हणाल्या, भुसा बाहेर दिसायला आणखी दोन-तीन महिने लागले असते. पान सहा आठवड्यांपूर्वीच सांगत होतं. त्यांनी जागेवर कागद करून सही केली, किशोरनेही साक्षीदार म्हणून केली, तो कागद सोबत आहे. कागदाच्या खाली मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, उमेदवाराने खुलासा द्यावा. तीस तारीख मंगळवारी आहे.

मला माहीत आहे, माझं खरं ठरल्याने तुझं काही परत मिळत नाही. ओसरीवर तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी खोटं बोललो, ते परत घेता येत नाही. तू आणि ओमकार, ते माझ्या हातात नाही, त्याला काल फोनवर सगळं सांगितलं. त्याने ऐकून फोन ठेवला. मला माफ कर असंही लिहीत नाही, कारण ते मागायचं म्हणजे पुन्हा तुझ्याकडूनच काहीतरी घ्यायचं. फक्त चार ओळी लिही त्यांना. माझ्यामुळे तुझं काम बुडू देऊ नकोस. मी याशिवाय तुझ्याकडे काहीही मागणार नाही, जिवंत असेपर्यंत.

रामचंद्र


२८ सप्टेंबर २०२५
कार्ड ६

सुप्रिया,

आज दुपारी तुझा फोन आला. नाव पडद्यावर दिसलं, तेव्हा मी देवाची भांडी घासत होतो, हात ओला, घाईत फोन पडता पडता राहिला. तू कशी आहेस, मी कसा आहे, काही नाही. तू विचारलंस, "ज्या पानाचा आकडा तीस आला, ते पान कोणी निवडलं होतं? खुलाशात लिहायचंय."

आणि मी ओल्या हाताने फोन कानाशी धरून उभा राहिलो. तू "हॅलो, हॅलो" म्हणालीस, थोडं थांबलीस, ठेवलास. मी परत लावला तर लागला. रिंग वाजली. पण मीच कापला, कारण पुन्हा बोलता आलं नसतं.

मॅडमना मी लगेच मेसेज करायला सांगितलं आहे, तुला वेळेत कळावं म्हणून. तरी हे माझ्या हातचं असू दे. ते पान मी मॅडमकडून घेऊन वहीत ठेवलं होतं, सोबत कार्डाला टाचलं आहे. कडेला कुरतडलेलं आहे, मधे एक भोक आहे. देवाला चाललं नसतं.

ते कोणीही निवडलं नाही, सुप्रिया. पाचवं होतं, म्हणून घेतलं.

बाबा